कोजागरीचं औषध

पंचवटी, नाशिक
१० ऑक्टोबर १९९६

दत्तू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार, म्हणून कामाचं आधी लिहितो. हर्षालीला दमा नाही. तिच्या हृदयातली एक झडप आकसली आहे. तिला मुंबईला हृदयाच्या डॉक्टरकडे न्या, असं एक पत्र घरी टाक. काका आपल्या पोराच्या शब्दाबाहेर जात नाहीत, आणि तू मिलिटरीत गेल्यापासून तर नाहीच नाही. झालं. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

वाचतोयस म्हणजे तुझा राग थोडा तरी उतरला असावा. माझा उतरलेला नाही, पण तो बाजूला ठेवतो. मी तुझा दात पाडला, तू भर कारंज्याच्या चौकात माझा शर्ट आणि इज्जत दोन्ही फाडलीस. फिट्टंफाट. तुझ्या बहिणीवर माझा जीव आहे हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. तू जवळचा होतास म्हणूनच तर सांगवलं नाही. असो. तुझी अट मी पाळतोय. तुमच्या गल्लीत पाय ठेवलेला नाही. मामाची रिक्षा चालवतो ना आता, ती जाते कधीकधी तिथून. पण पाय रिक्षातच असतात.

ती जिना चढताना मध्येच थांबते हे तूही पाहिलंयस. कॉलेजात तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहायची आणि ओढणी नीट केल्यासारखं करायची. सिन्नरच्या त्या पोराने सगळ्यांसमोर तिच्यासारखी धाप टाकून दाखवली, तेव्हा मी त्याला त्याच जिन्यावरून खाली आणला. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग. मी मागितली नाही. माझं सेकंड इयर तिथेच संपलं. लोक म्हणतात पोरीपायी कॉलेज सोडलं. म्हणोत, खोटं काय आहे त्यात.

पण तोपर्यंत मलाही तो दमाच वाटत होता. गेल्या महिन्यात इथल्या एका शाळेत तपासणीचं शिबिर होतं, मुंबईचे डॉक्टर आले होते. हर्षाली गेली होती. कोणाबरोबर ते विचारू नकोस, मैत्रिणीबरोबर असं समज. डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, लहानपणी घसा धरून ताप आला होता का? सांधे सुजले होते का, एकाची सूज उतरली की दुसऱ्याची चढली असं? ती हसायलाच लागली. म्हणाली, हो, पेठला असताना. आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट. आईने निर्गुडीचा पाला बांधला आणि दादाने पाठुंगळी घेऊन शाळेत नेलं. तो दादा म्हणजे तू. आठवतंय ना?

तो ताप सांध्यांतून निघून गेला आणि हृदयात बसला, डॉक्टर म्हणाले. झडप म्हणजे दार असं समज. ते आता अर्धंच उघडतं. रक्त पुढे जात नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं. म्हणून चाललं की धाप लागते आणि आडवं झालं की खोकला येतो. म्हणून ती उशांवर उशा रचून बसल्यासारखी झोपते. मध्येच उगाच धडधड सुटते ती त्यामुळेच. आणि गालांवरची लाली, दत्तू. ती लालीसुद्धा तीच. तुझी आई सगळ्या गल्लीला कौतुकाने दाखवते ती. मी त्या लालीवर किती आणि काय काय बोललोय, माझं मला माहीत.

उपाय आहे. मांडीच्या शिरेतून नळी सरकवतात, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत नेऊन फुगवला की दार मोकळं होतं. छाती फाडावी लागत नाही. पण लग्नाआधी करा, मूल व्हायच्या आधी तर कराच, असं दोनदा बजावलं त्यांनी.

ती घरी सांगत नाही. सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, शिबिराला गेलीस कोणाबरोबर? आणि आता कोजागरीला तिला मठात दम्याचं औषध द्यायचं घाटतंय. चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर खायची, रात्रभर डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, आणि पहाटे डोंगरावरच्या देवळापर्यंत न थांबता चालत जायचं. तिला, दत्तू! जिना चढवत नाही अशा पोरीला डोंगर. तेवढं थांबव. बाकी मला शिव्या दे पाहिजे तेवढ्या.

चंदर


३० ऑक्टोबर १९९६

दत्तू,

तुझं पत्र घरी आलं नाही. आलं असतं तर नेलं नसतं तिला.

मी गेलो होतो. रिक्षा पायथ्याशी लावली आणि चालणाऱ्यांच्या मागून जात राहिलो. म्हातारे-कोतारे, पोटाशी लेकरं धरलेल्या बाया, सगळे अनवाणी. मठातला एक माणूस ओरडत होता, "थांबू नका माउली, थांबलं की औषध उतरत नाही!" ती अर्ध्यापर्यंत गेली. कशी गेली कोण जाणे. मग खाली बसली, दोन्ही हात जमिनीला टेकून, पुढे वाकून. ओठ जांभळे. तोंडातून फेस आला, गुलाबी. आजूबाजूच्या बायांना आनंद झाला रे! एक म्हणाली, "कफ सुटतोय. रंग बघा, जुना हाय. निघू द्या सगळा." तुझ्या आईने हात जोडले.

मी जाऊन उचललं. काका ओरडले, "हात लावू नको तिला!" मी त्यांना ढकललं. हो, ढकललं. पडले नाहीत. तिला रिक्षात बसवलं, आडवी नाही, बसवूनच, आणि दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, लघवी झाली, तासाभरात श्वास खाली बसला. तिथला डॉक्टरही म्हणाला, हृदयाचं वाटतंय, मोठ्या ठिकाणी दाखवा. काकांनी मान हलवली आणि घरी घेऊन गेले.

आता गल्लीत काय चाललंय सांगू? हर्षालीला चार दिवस जरा बरं वाटतंय, ते त्या इंजेक्शनने आणि गोळ्यांनी. पण गुण मठाचा! आणि पूर्ण गुण का आला नाही? तर मी मध्येच उचललं म्हणून. तुझी आई शेजारी सांगते, "अर्ध्या वाटेवरनं उचलली, म्हणून अर्धंच औषध उतरलं. पुढच्या कोजागरीला पुरी चालली की झालं." म्हणजे आता कोणी डॉक्टरचं नावच काढायचं नाही, वर्षभर चंद्राकडे बघत बसायचं. आणि गुन्हेगार कोण, तर चंदर.

आणि एक. शिबिरात तिला मीच नेलं होतं. तुला खोटं लिहिलं, कारण माझं नाव आलं की तू बाकीचं वाचणार नाहीस असं वाटलं. मैत्रीण वगैरे काही नव्हती. पण मी नेलं म्हणून डॉक्टर खोटं बोलत नाही ना?

लिही घरी. कोरं अंतर्देशीय पत्र सोबत ठेवलंय.

चंदर


१५ डिसेंबर १९९६

दत्तोबा,

कार्ड मिळालं. "माझ्या बहिणीचं जमत आलेलं स्थळ मोडायचा प्रयत्न केलास तर रजा टाकून येईन आणि तंगडं मोडीन." ये ना! टाक रजा! दोन महिने तेच मागतोय. एक काय, दोन्ही मोड, पण आधी तिला मुंबईला ने आणि मग मोड.

तुझ्या कार्डावरून मला कळलं की स्थळ जमलं. पिंपळगाव बसवंतचा मुलगा, किशोर नाव, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर. तुमच्यातलाच. चांगला आहे म्हणतात. चांगला असेल. मला त्याचा गळा धरावासा वाटतो हा भाग वेगळा.

दत्तू, मला समजत नाही मी कसं लिहू. मी म्हणतो ती आजारी आहे, तू वाचतोस की चंदरला लग्न मोडायचंय. मी म्हणतो मूल होणं धोक्याचं आहे, तू वाचतोस की चंदर जळतोय. जळतोय! पण जळणाऱ्या माणसाला खरं काही दिसतच नाही का?

कार्ड आल्यावर मी तुमच्या घरी गेलो. पाय ठेवला गल्लीत, मोडली अट. तुझी आई दारात मेथी निवडत होती. मी चप्पल काढून खाली बसलो, आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो.

"मावशी, हर्षालीला घेऊन मुंबईला चला. तिचा आजार दम्याचा नाही."

"तुला दुसरी पोरगी नाय का भेटत रे? लय पोरी पडल्यात नाशकात."

"मी लग्नाचं बोलतच नाहीये. तुम्ही फक्त बघा, तिला सपाट झोपवत नाही. आधी एक उशी होती, आता तीन लागतात."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. "तिला उशा किती लागतात, ते तुला कसं ठावं?"

काय सांगू? तिने मला सांगितलं होतं, एवढंच आहे ते. रामकुंडावर, भर दुपारी, लोकांत बसून. पण ते तोंडातून बाहेर येईपर्यंत काका आतून आले होते, हातात कपडे वाळत घालायची काठी. गल्ली जमली. मी काय म्हणालो ते नीट आठवत नाही. मेली तर तुमच्या कर्माने मरेल, असं काहीतरी म्हणालो. लग्नघरात असं बोलू नये. मी बोललो.

ती आतल्या दारात उभी होती. चौकटीला धरून. माझ्याकडे बघून मान हलवली, जा म्हणून.

चंदर


२२ जानेवारी १९९७

दत्तू,

तुला एक बातमी देतो आणि तिच्यावर तू विश्वास ठेवलाच पाहिजेस, कारण तिला अख्खी पंचवटी साक्षी आहे. रविवारी माझा साखरपुडा झाला. मुलगी ओझरची, स्नेहल. मामाच्या ओळखीतली. आई इतकी खूश आहे की दोन दिवस माझ्यावर ओरडलेली नाही.

आता मी कुठलंही स्थळ मोडणारा नाही. आता मला हर्षालीकडून काहीही मिळवायचं नाही. माझं लग्न मे महिन्यात, पत्रिका पाठवीन. आता तरी मी सांगतोय ते एखाद्या ऐऱ्यागैऱ्याने सांगितल्यासारखं वाच. रिक्षात बसलेल्या कुणी सांगितलं, असं वाच. तिची झडप आकसली आहे. फुगा घालून मोकळी करता येते. लग्न पंधरा फेब्रुवारीला आहे, त्याच्या आत करा किंवा त्यांना सांगून नंतर लगेच करा. लपवू नका.

हे मी तुझ्यासाठी केलं असं तुला वाटेल म्हणून सांगतो, तसं नाही. मुलगी चांगली आहे. शांत आहे. मला म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे एकदाही नीट बघितलं नाही." मी म्हटलं, बघेन, आयुष्य पडलंय.

लिही रे.

चंदर


३ मार्च १९९७

दत्तू,

तू येऊन गेलास. दाढी-मिशी काढून ओळखू येत नव्हतास. मंगल कार्यालयासमोर मी रिक्षा लावून उभा होतो, पाहिलंस मला. तंगडं मोडायला आला नाहीस. मीही आत आलो नाही.

हर्षालीने सांगितलं मला. हो, भेटली. सत्यनारायणाच्या पूजेला माहेरी आली तेव्हा, भाजीबाजारात. रागावू नकोस, चार माणसांत उभं राहून बोललो. म्हणाली, दादाने हळदीच्या दिवशी बाजूला घेऊन विचारलं, तुला खरंच काही होतंय का? आणि मी हसले आणि म्हणाले, वेडा आहे तो चंदर, तू कशाला ऐकतोस.

म्हणजे तू विचारलंस. माझं थोडंतरी आत गेलं होतं. मी उगाच तुला दगड समजत होतो.

मी तिच्यावर असा भडकलो की भाजीवाली बघायला लागली. म्हटलं, खोटं का बोललीस? तर म्हणते, "मांडव पडलाय, हळद लागलीय, आणि मी सांगू हृदय खराब आहे म्हणून? बाबांनी कुठे तोंड लपवायचं? मला परत कोण बघणार?" मी म्हटलं, मी होतो की. तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "ते चांगले आहेत रे. मला पायऱ्या चढायला लावत नाहीत. त्यांना वाटतं मी नाजूक आहे."

पैंजण पिशवीत होते. पायात का घालत नाहीस विचारलं तर म्हणे, संध्याकाळी घट्ट होतात. डॉक्टरने शिबिरात हेही विचारलं होतं, पाय सुजतात का. तेव्हा ती नाही म्हणाली होती.

आता त्यांच्या घरी सांगायचं का? मी सांगितलं तर तिला परत पाठवतील, फसवलं म्हणतील, वर जुना यार सांगायला आला म्हणतील. तिने मला तिथेच शपथ घातली. तू सांगू शकतोस. तू भाऊ आहेस. तुला कोणी विचारणार नाही की तुला कसं माहीत.

चंदर


२७ नोव्हेंबर १९९७

दत्तू,

मध्ये लिहिलं नाही. लिहून काय होत होतं? तुला पत्रिका पाठवली होती, लग्न झालं माझं. स्नेहल मटकीची उसळ चांगली करते आणि मला काही विचारत नाही. कधीतरी विचारेल.

हर्षाली बाळंतपणाला माहेरी आली आहे हे तुला घरून कळलंच असेल. सातवा संपत आलाय. कोजागरी या वेळी चुकली, पोटुशी बाईला औषध देत नाहीत म्हणे. तेवढी एक गोष्ट नशिबाने बरी झाली. बाकी मी काय पाहिलंय ते तुला लिहीत नाही. दुपारी ती ओट्यावर बसून असते, पुढे वाकून. आत झोपवत नाही म्हणून. आवाज बसलाय. दोन शब्द बोलली की थांबते. बायका येता-जाता म्हणतात, पहिलटकरणीला होतंच असं. मूल वर सरकलंय म्हणतात.

आज काय झालं ते लिहायला बसलोय.

दुपारी कारंज्याच्या स्टँडवर एक माणूस आला. साधा शर्ट, हातात द्राक्षाचा खोका. म्हणाला, चंदर तुम्हीच का? मी किशोर. हर्षालीचा. मी रिक्षातून उतरलो ते मुठी वळूनच. म्हटलं आला, आता होऊन जाऊ दे. तो मागे सरला नाही. खोका सीटवर ठेवला आणि म्हणाला, "तिला काय झालंय?"

बस्स एवढंच. तू कोण, तुझा काय संबंध, काही नाही.

मी म्हटलं, मला का विचारता?

"सासऱ्यांना विचारलं तर दमा सांगतात. तिला विचारलं तर हसते. ती इथे येईपर्यंत मी रोज शेजारी झोपायचो हो. ती उठून खिडकीशी जाऊन बसायची, श्वास घेता येत नाही म्हणून. हे नाजूकपणाचं नाही, एवढं मलाही कळतं. कोणी तरी म्हणालं, तुम्ही लग्नाआधी काही बोलत होता."

मी सांगितलं सगळं. तिची शपथ मोडली. पेठचा ताप, सांधे, झडप, फुगा, कोजागरी, सगळं. रिक्षाच्या सीटवर बसून तो ऐकत होता आणि एकदाही म्हणाला नाही की तुला कसं माहीत. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही त्यानेच परत पाठवलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "उद्या सकाळी नेतो. तुमचीच रिक्षा घेऊन या."

दत्तू, वर्षभर मी ज्याचा गळा धरायला निघालो होतो, त्याने एका दुपारीत माझं ऐकलं. मी घरी येऊन स्नेहलला द्राक्षं दिली. ती म्हणाली, तुम्ही रडताय का? मी म्हटलं, धूळ.

अजून उशीर झालेला नसावा. मुंबईत पोटुशी बाईलाही करतात म्हणे फुगा.

चंदर


११ डिसेंबर १९९७

दत्तू,

तार मिळाली असेल. रजा मंजूर झाली की नाही ते इथे कोणालाच माहीत नाही. तेराव्याला पोचशील असं काका म्हणतात. त्याआधी हे मिळावं म्हणून लिहितोय.

तुला इथले लोक सांगतील ते तुकड्या-तुकड्याने सांगतील. मी होतो, म्हणून मी लिहितो.

मागे ती, तुझी आई आणि किशोरराव. मी पुढे, काका सायकलवरून मागून. रस्ताभर ती एकच बोलली. "खड्डे चुकव रे, रिक्षा चालवतोस की तिफण?" तुझी आई ओरडली तिच्यावर, गप बस म्हणून. मग ती गप्पच बसली.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या. छाती तपासली आणि चेहराच बदलला त्यांचा. ऑक्सिजन लावायला सांगितला आणि विचारायला लागल्या. धाप कधीपासून? किशोरराव म्हणाले, लग्नापासून तर आहेच. त्याआधी? लहानपणी ताप, सांधे? रक्त कधी पडलं थुंकीतून? आधी कुठे तपासलं होतं? किशोरराव तुझ्या आईकडे बघायला लागले. तुझी आई काकांकडे. काका भिंतीकडे.

मी दारात उभा होतो. मी सांगायला लागलो. लहानपणी, पेठला, तिसरीत असताना. आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायची, नंतर पहिल्यावरच थांबायला लागली. आधी एक उशी, मग दोन, मग तीन. बोलताना धाप गेल्या दिवाळीपासून. गुलाबी फेस एकदाच, डोंगरावर. पाय सुजणं लग्नानंतर. आवाज बसला या पावसाळ्यात. बाई लिहून घेत होत्या आणि मी सांगतच होतो. मला कळत होतं की मी काय करतोय. तिच्या नवऱ्यासमोर, आई-बापासमोर, प्रत्येक गोष्टीनिशी कबूल करत होतो की ती मला कुठे कुठे भेटली. थांबता येत नव्हतं.

बाईंनी मान वर करून विचारलं, "हे कोण?"

काकांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मग तुझी आई म्हणाली, "सांगू द्या त्याला. त्याला ठावं हाय."

औषधं दिली. आठवडाभर जरा बरी होती. मुंबईला बोलणं झालं होतं, सोमवारची अँब्युलन्स ठरली होती. शनिवारी दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "तुझ्या बायकोने केलंय?" मी म्हटलं, हो. "तिखट असेल." दोन घास खाल्ले. किशोरराव खाली औषध आणायला गेले होते. तेवढ्यात एकदम धडधड सुटली. हात छातीवर ठेवून माझ्याकडे बघितलं, घाबरून नाही, जरा नवल वाटल्यासारखं. मी ओरडलो, नर्स आली, बाई धावत आल्या, मला बाहेर काढलं. ठोके बेताल झाले आणि फुफ्फुसात पाणी भरलं, असं बाई नंतर म्हणाल्या. त्या खरंच खूप झटल्या, कोणी काही म्हणालं तर ऐकू नकोस. मूलही गेलं. मुलगी होती.

मी कोणालाही काही बोललो नाही, दत्तू. तुला वाटलं असेल चंदर तिथे मारामारी करेल. माझ्या अंगात काहीच नव्हतं. किशोरराव माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या हातातल्या औषधाच्या पुडीकडे बघत बसलो.

स्मशानातून आल्यावर मी तुमच्या ओट्याशी उभा होतो. आत जायचं की नाही समजत नव्हतं. तुझी आई बाहेर आली. मला वाटलं शिव्या देईल. तिने माझा शर्ट धरला, असा, छातीवर, आणि म्हणाली, "तुला एवढं समदं ठावं होतं, मग आमाला का नाय सांगितलं रे? एक शब्द तरी टाकायचास."

ती मला दोष देत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. ती मेथीची जुडी, काठी, गल्ली, काहीच नाही. मी तिच्या डोळ्यांत बघितलं, खरंच नव्हतं काही.

मी म्हटलं, चुकलं, मावशी.

"मला नाय तर नाय, माझ्या दत्तूला कळवायचं. तू त्याचा दोस्त. त्यानं विमानातून येऊन नेली असती तिला. त्याला का नाय लिहिलं?"

मी म्हटलं, माझ्याकडे त्याचा पत्ता नव्हता.

तू येशील तेव्हा ती तुझ्या गळ्यात पडेल आणि तुलाही हेच विचारेल. मी सांगितलंय, पत्ता नव्हता. तूही तेच सांग.

चंदर